साष्टीतल्या खोती गावांची उपनगरं: जुने उतारे कसे लावायचे?

गावठाण_शोध: विषय गोरेगाव-मालाड पट्ट्यातल्या एका वसाहतीच्या इतिहासाचा आहे. जुन्या कागदांत सगळी जमीन एकाच खोताची (गावाचा सारा वसूल करणारा धारक), आधार कौलाचा (सरकारने जमीन देताना दिलेलं अटींचं पत्र). १९५० नंतर तीच जमीन काही सोसायट्यांकडे, काही सरकारकडे दिसते. ही फाळणी कशावरून झाली? आणि दोन्हींकडची बेरीज जुन्या क्षेत्राशी का जुळत नाही?

सारा_दप्तर: फाळणीचं मूळ कौलात आहे. कंपनी सरकारने १८३० च्या सुमारास साष्टीतली (मुंबईच्या उत्तरेचं बेट, जिथे आज उपनगरं आहेत) गावंच्या गावं मुंबईच्या व्यापाऱ्यांना दिली. पवई फ्रामजी कावसजींकडे गेली, तुमच्या पट्ट्यातली बरीच गावं बैरामजी जीजीभाईंकडे. त्यामागे पडीक जमीन लागवडीला यावी हा हेतू होता. १९५१ च्या साष्टी इस्टेट कायद्याने साऱ्याची (जमीनमहसुलाची) माफी गेली. त्याहून मोठा घाव पुढे आहे: कौलाने मिळालेली, पण १४ ऑगस्ट १९५१ पूर्वी वापरात किंवा लागवडीखाली न आणलेली पडीक जमीन सरकारची झाली. म्हणून प्रत्येक सर्व्हे नंबरापुढे एकच प्रश्न लिहा: त्या तारखेआधी तिथे काय होतं? पीकपाहणी, कुळाची नोंद, भाडेपट्टा, विक्रीचा दस्त, जे सापडेल ते. 'वापरात आणणे' म्हणजे नेमकं काय, यावरून पुढे कोर्टात भांडणं झाली. त्यामुळे १९५१-५२ चा एकटा फेरफार (हक्क बदलल्याची दप्तरी नोंद) हा शेवटचा शब्द समजू नका.

पडीक जमीन आणि पोटखराबा यांची गल्लत मात्र टाळा. तो सर्व्हे नंबराच्या आतला लागवडीस अयोग्य तुकडा; तो दिसला म्हणून अख्खा नंबर पडीक ठरत नाही.

साखळी_मोजणी: बेरजेचं. जुनं माप एकर-गुंठे-आणे (१६ आणे = १ गुंठा, ४० गुंठे = १ एकर), नवं हेक्टर-आर. गुंठा १०१.१७ चौ.मी., आर १०० चौ.मी. गुंठ्याला आर धरलं की १० एकरांत सुमारे ४६८ चौ.मी. गायब होतात. तेवढ्याने फरक भागला नाही, तर रस्ता किंवा रेल्वेसाठी झालेलं संपादन वजा केलंय का ते बघा. सर्व्हे नंबरावरून थेट सिटी सर्व्हे नंबरावर (शहरी मोजणीत भूखंडाला मिळालेला नंबर) उडी मारू नका. मधलं कमी-जास्त पत्रक (क्षेत्रातले बदल नोंदवणारा कागद) मागा. हिस्से कसे पडले ते त्यातच कळतं.

लोकलची_वेळ: दप्तर कुठे शोधायचं हेही महत्त्वाचं. मुंबई उपनगर जिल्हा १९२० चा; त्याआधी साष्टी ठाणे जिल्ह्यात होती, म्हणून त्यापूर्वीच्या नोंदी ठाण्याच्या नावाखाली लागतात. कौल आणि महसुली पत्रव्यवहारासाठी काळाघोड्याचं राज्य पुराभिलेखागार. गावदप्तरातले जुने कागद मोडीत असतील, तेव्हा वाचणारा सोबत न्या.

विक्रीच्या दस्तांवर तारखा टाकून पाहा. १९२८ ला बोरिवलीपर्यंत विजेची गाडी आली. स्टेशनाजवळचे भूखंड त्याच्या आधी विकले गेले की नंतर, यावरून वसाहत कोणत्या पिढीची ते बऱ्यापैकी ठरवता येतं.