पोर्टफोलिओ ४६ पानांचा झालाय, यातलं काय ठेवू नि काय काढू?

साखळीची_पोर:
नमस्कार सगळ्यांना. मी गोव्यातल्या साखळीची, यंदा बी.आर्क. झाले (कॉलेजचं नाव लिहीत नाही, सर लोक इथे असतात म्हणे). गेल्या दोन महिन्यांत पणजी, मडगाव, म्हापसा मिळून १४ ऑफिसांना पोर्टफोलिओ पाठवला, दोघांनीच उत्तर दिलं, त्यातले एक "बरा आहे, कळवतो" म्हणाले नि मग गप्पच. आईला वाटतं मार्क कमी पडले, बाबांना वाटतं ओळख कमी पडली, मला वाटतं पोर्टफोलिओतच काहीतरी गडबड आहे पण नेमकं कुठे ते दिसत नाही म्हणून इथे टाकतेय, जरा बघून सांगा, रागवलात तरी चालेल.

आत काय काय आहे: दुसऱ्या वर्षाचं मेजर्ड ड्रॉइंग, मयेला मामांचं जुनं घर आहे राजांगण (मधला उघडा चौक) असलेलं, ते आम्ही पाच जणांनी मिळून मोजलेलं. तिसऱ्या वर्षाला बाजार, म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारावर स्टडी करून. चौथ्या वर्षाला पणजीत सांतइनेजला हाउसिंग, ६० फ्लॅट. आणि थिसिस, डिचोली तालुक्यातल्या बंद खाणीवर म्युझियम नि रिसर्च सेंटर, ते एकटंच १८ पानं खातं. शिवाय फोटोग्राफी ४ पानं, स्केचिंग ३. ट्रेनिंग मी बेंगळुरूला केलं पण तिथे सहा महिने टॉयलेट लेआउट नि जिन्याचे डिटेल सोडून दुसरं काही दिलंच नाही, दाखवण्यासारखं काहीच नाही, म्हणून ते घातलं नाही.

सीव्हीवर स्किल्सचे बार आहेत, ऑटोकॅड ९०%, स्केचअप ९५%, रेव्हिट ७०%, एन्स्केप ८०%, टीमवर्क १००%. लिंक खाली देतेय.

चिरेबंदी:
फोंड्याला माझं छोटं ऑफिस आहे, आम्ही चौघं. महिन्याला असे बरेच पोर्टफोलिओ येतात, त्यामुळे बाय, वाईट वाटून घेऊ नको.

पहिली गोष्ट, तुझी लिंक उघडतच नाही. परमिशन मागते. फाइल २५ एमबीच्या वर गेली की जीमेल ती अटॅच करत नाही, ड्राइव्हवर टाकून लिंक देतं, नि ती लिंक समोरच्याला उघडी केलीयस की नाही ते कोण बघतो. १४ पैकी किती जणांनी ती उघडली असेल देव जाणे, साईटवर उन्हात उभा असलेला माणूस परमिशन मागत बसत नाही. आता उघडी कर, मग पुढचं सांगतो.

साखळीची_पोर:
अरे देवा. केली. दोन महिने!!

अर्धवट_थिसिस:
टीमवर्क १००% वाचून पाणी आलं डोळ्यात. आमच्या ग्रुपमध्ये पाच जण होतो, मॉडेल दोघांनी केलं, एकाने चहा आणला, उरलेले दोघे जूरीच्या (प्रोजेक्ट तपासणीच्या) दिवशी इस्त्रीचे कपडे घालून आले, सगळ्यांच्या सीव्हीवर १००%.

चिरेबंदी:
बघितला. आता निवांत लिहितो, जेवण झालंय.

ते बार काढून टाक. ९०% ऑटोकॅड म्हणजे काय, उरलेलं १०% कुठलं ते मला सांग बघू. त्यापेक्षा सरळ लिही की बाजाराचे सगळे सेक्शन (उभे छेद) ऑटोकॅडमध्ये, हाउसिंगचं मॉडेल रेव्हिटमध्ये. मला कळतं की तू ते हाताळलंयस, आणि आलीस तर पहिल्या दिवशी कुठल्या मशीनवर बसवायची तेही कळतं.

आता बाजार. हा तुझा सगळ्यात चांगला प्रोजेक्ट आहे आणि सगळ्यात चुकलेलाही, म्हणून त्याच्यावरच बोलतो. कोण कुठे बसतं, सकाळी सात वाजता माल कुठून उतरतो, मातीची भांडी जमिनीवर मांडायची तर किती जागा लागते, केळ्यांचे घड टांगायला काय लागतं, हे तू बघितलंयस ते प्लॅनमध्ये दिसतं, मयड्याच्या केळ्यांना वेगळा दांडा दिलायस तो मला फार आवडला. आणि मग वर काय टाकलंस? ६० बाय ४० मीटरचं फुलपाखराच्या पंखांसारखं छप्पर, दोन्ही पाखी मधे उतरतात. रेंडर (कॉम्प्युटरवरचं चित्र) झकास दिसतो, मान्य.

हिशोब कर. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी. तुझं छप्पर २४०० चौरस मीटर. आपल्याकडे वर्षाला साधारण ३००० मिमी पडतो, ते राहू दे, एका तासात ५० मिमीची सर आली असं धर, जुलैत ते काही नवल नाही. झाले १,२०,००० लिटर, म्हणजे सेकंदाला ३३ लिटर, म्हणजे दर सेकंदाला दोन भरलेल्या बादल्या. ते सगळं तू मधल्या एका पन्हळीत आणतेस, ती दाखवलीयस नऊ इंच रुंद नि तिला चार इंची दोन पाइप. आणि पन्हळीच्या बरोबर खाली कोण बसलंय? फुलवाल्या. बिचाऱ्या.

यामुळे मी तुला नाकारेन असं नाही. पण ४६ पानांत पाणी कुठून येतं नि कुठे जातं याचं एकही ड्रॉइंग नाही, गोव्यात शिकलेल्या मुलीच्या पोर्टफोलिओत, हे मला खटकलं. मामांच्या घराच्या सेक्शनमध्ये बघ, पागोळ्या कुठे पडतात, जोतं किती उंच आहे, राजांगणातलं पाणी कुठल्या वाटेने बाहेर जातं, सगळं तूच काढलंयस. ते दुसऱ्या वर्षाला कळलेलं तिसऱ्या वर्षाला कुठे गेलं?

पुण्यात_गोंयकान्न:
मी मडगावची, पुण्यात चार वर्षं एका ऑफिसात आहे, फ्रेशर्सचे पोर्टफोलिओ पहिल्यांदा माझ्याकडे येतात म्हणून लिहितेय.

सगळ्यात आधी ते टॉयलेट नि जिने आत घाल!! तेच तर हवंय. म्युझियमचं स्वप्न सगळ्यांकडे असतं, ऑफिसात सोमवारी सकाळी लागतं ते टाइल्सची सुरुवात कुठून करायची, फ्लोअर ट्रॅपकडे ढाळ किती, डक्टमध्ये प्लंबरचा हात जातो का, ते ड्रॉइंग. फक्त ज्या ऑफिसात केलंस त्यांना विचारून घाल, क्लायंटचं नाव नि पत्ता पुसून टाक, आणि "यातलं मी काय केलं" ते एका ओळीत लिही. मेजर्ड ड्रॉइंगलाही तेच, पाच जणांनी मोजलं ना, मग तुझ्या हातचे सेक्शन कुठले ते सांग, इंटरव्ह्यूत कोणी खोदून विचारलं नि तुला आठवलं नाही तर फार लाजिरवाणं होतं, माझं झालंय.

फोटोग्राफी काढ. सूर्यास्त आणि मांजर. मांजर गोड आहे पण काढ.

थिसिस मात्र मी ठेवेन, चिरेबंदी सर बहुतेक काढा म्हणतील. १८ ची ६ पानं कर. मोठ्या ऑफिसांत बघतात की पोरीला एखादा अवघड प्रश्न दिला तर ती किती खोल जाते, नि खाणीचा प्रश्न खरंच अवघड आहे, आणि तो तुमच्या दारातला आहे.

आणि मेलमध्ये "रिस्पेक्टेड सर/मॅडम" म्हणून एकच मजकूर १४ जणांना पाठवला असशील तर ते कळतं गं. त्या ऑफिसचं एखादं काम जाऊन बघ आणि त्यावर दोन ओळी लिही.

चिरेबंदी:
काढा म्हणणारच होतो :) माझ्या ऑफिसला म्युझियमचं काम या जन्मी येणार नाही. पण तुमचा मुद्दा बरोबर आहे, कुठे पाठवतेय त्यावर अवलंबून. मग दोन पोर्टफोलिओ कर बाय, एक पुण्या-बेंगळुरूसाठी, एक इथल्यासाठी, वीस पानांच्या वर कुठलाच नको.

साईटवरचा:
मी आर्किटेक्ट नाही, सिव्हिल डिप्लोमा, पेडण्याचा, बावीस वर्षं साईटवर. तुम्ही लोक काढता ते आम्ही बांधतो, म्हणून बोलायचा हक्क आहे असं समजून बोलतो.

ताई तुमच्या हाउसिंगच्या जिन्यात १६ राइझर (पायरीच्या उभ्या बाजू) आहेत नि मजल्याची उंची ३.१५ मीटर लिहिलीय. ३१५० भागिले १६, जवळजवळ १९७ मिमी, पावणेआठ इंचाची पायरी. चौथ्या मजल्यावरच्या आजीला विचारा. दीडशेची पायरी घेतली तर २१ राइझर होतात, म्हणजे जिना लांबतो, मग तुमचा डक्ट सरकतो, मग टॉयलेट सरकतं, पूर्ण फ्लॅट सरकतो. हे कागदावर सरकलं तर बरं, साईटवर सरकलं की शिव्या आम्हाला बसतात.

दुसरं, खाणीवर तुमचं म्युझियम ज्या उंचवट्यावर बसवलंय तो डंप आहे. डंप म्हणजे डोंगर नव्हे, खणून बाहेर टाकलेली माती, पावसाळ्यात तीच वाहून खालच्या शेतात नि ओहोळात जाते, खाणीच्या भागात विचारा कोणालाही. त्याच्यावर काचेचा पूल नि तीन मजली काँक्रीट ठेवलंत, फाउंडेशन कुठल्या थरावर टेकणार? सॉइल टेस्टचा नुसता उल्लेख असता तरी मी गप्प बसलो असतो. बाकी २०१२ला नि २०१८ला खाणी बंद पडल्या तेव्हा ट्रकवाल्यांचं काय झालं ती पानं वाचली, ती चांगली आहेत, ती काढू नका.

तिसरं, चिरा, म्हणजे जांभा दगड. भिंतीला नुसतं लाल टेक्स्चर लावलंय. एकदा चिरेखाणीवर जा, तुमच्याकडे जो चिरा येतो त्याला स्वतः टेप लावा, मग खिडकीचं माप काढा, म्हणजे मेस्त्रीला प्रत्येक थराला चिरा तोडत बसावं लागणार नाही. आणि कौलं १२ अंशांवर घातलीयत. तीसच्या आसपास ठेवा, एवढ्या कमी ढाळावर झड आली की पाणी उलटं आत शिरतं, मग लोक वरून पत्रा मारतात नि तुम्ही लोक म्हणता लोकांना सौंदर्यदृष्टी नाही.

अर्धवट_थिसिस:
दादा तुम्ही जूरीला का नाही येत, आमच्या एकाही एक्स्टर्नलने पायऱ्या मोजल्या नाहीत.

साईटवरचा:
बोलावलं तर येईन. जेवण देतात ना?

पुण्यात_गोंयकान्न:
@अर्धवट_थिसिस जूरीत पायऱ्या मोजल्या नाहीत म्हणून मोजायच्या नाहीत असं थोडंच आहे.

अजून एक राहिलं. कागदपत्रं वाचता येणं हेसुद्धा स्किल म्हणून लिही. गोव्यात क्लायंट हातात एक-चौदाचा उतारा (आपला सातबारा म्हण) घेऊन येतो, सर्व्हे प्लॅन असतो किंवा नसतो, त्यात मुंडकाराचं (दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणाऱ्याचं) घर आहे का, जमीन कोमुनिदादची (गावच्या सामाईक संस्थेची) आहे का, झोन काय, बिगरशेतीची सनद झालीय का, हे पहिल्या मीटिंगला बघायला लागतं. २०१० च्या बिल्डिंग रेग्युलेशन्स एकदा तरी चाळून ठेव. आणि सीआरझेड (किनाऱ्यालगतच्या बांधकामाचा नियम) फक्त दर्याकाठी लागतो असं फ्रेशर्सना वाटतं, भरती-ओहोटीचं पाणी जिथे आत येतं त्या नदीला नि खाडीलाही लागतो. सांतइनेजच्या तुझ्या साईटला खाडी किती लांब आहे ते प्लॅनवर दिसतच नाही बघ.

हो आणि कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरचं रजिस्ट्रेशन झाल्याशिवाय सहीखाली "आर्किटेक्ट" लिहू नकोस, सीव्हीवर लिहिलंयस. १९७२ च्या कायद्याने ती पदवी रजिस्टर झालेल्यांनाच लावता येते. तोपर्यंत बी.आर्क. ग्रॅज्युएट लिही.

साखळीची_पोर:
सगळ्यांचे खूप आभार, दोन दिवस काही लिहिलं नाही कारण पहिल्या रात्री रडले (साईटवरचा दादा, तुमच्यामुळे नाही, पायऱ्यांमुळे). मग बसून मोजल्या. १६ च आहेत. मी कधीच भागाकार केला नव्हता, ज्या जुन्या ड्रॉइंगवरून जिना उचलला त्यात मजला कमी उंच होता.

काल शुक्रवार होता म्हणून टेप घेऊन म्हापशाला गेले. आधी स्टडीला गेलेलो ते डिसेंबरात, सगळं कोरडं. काल पाऊस होता. जिथे छप्पर नाही तिथे निळी ताडपत्री, दोन ताडपत्र्या मिळतात तिथे पीव्हीसी पाइप उभा चिरून पन्हळ केलेली, तिचं तोंड सरळ गटारावर. एका भाजीवालीने मला विचारलं पालिकेची का गं तू, मी म्हटलं नाही, तर म्हणाली मग पाइप धर जरा, आणि मी पाच मिनिटं पाइप धरून उभी होते, तिने काठी बांधेपर्यंत. चिरलेला पाइप सहा इंची, फक्त दोन ताडपत्र्यांना, तरीही वरून सांडत होता. माझी नऊ इंची पन्हळ सगळ्या बाजाराला.

आता बाजाराचं छप्पर उलटं केलंय, पाच लहान पाख्या, प्रत्येकीचं पाणी बाहेरच्या बाजूला. जुना सेक्शन पण ठेवतेय, शेजारी नवा, आणि मधे तुमचा सेकंदाला ३३ लिटरचा हिशोब, चालेल ना सर? फक्त एक अडलंय, पाख्या बाहेर उतरवल्या तर पागोळ्या बरोबर माल उतरवायच्या वाटेवर पडतात, हमालाच्या डोक्यावर. वळचण दोन मीटर पुढे काढली तर वासा वाकेल का?

चिरेबंदी:
वाशाची जाडी नि दोन आधारांतलं अंतर सांगितल्याशिवाय कसं सांगू. सेक्शन टाक इथे, मापं घालून. आणि सोमवारी फोंड्याला येऊ शकशील तर ये, येताना तो जुना प्रिंट घेऊन ये, रेंडर नको.

साईटवरचा:
दोन मीटर नुसतं लटकवू नका ताई, खाली तिरका टेकू द्या. मामांच्या घराला असेल बघा ओसरीवर.