मदत हवी आहे: आंतरग्रंथालयीन मागणीअर्जात 'नवी मालिका' आणि शके कुठे लिहायचे?

डेलनेट या ग्रंथालयांच्या जाळ्यामार्फत जुन्या नियतकालिकांतल्या लेखांच्या प्रती मागवायच्या आहेत. दोन प्रकारचे संदर्भ अडले आहेत.

पहिला 'जेबीबीआरएएस, एन.एस. २, पृ. ४५-६०' अशा धाटणीचा. नाव रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेचे जर्नल, हे स्पष्ट आहे. एन.एस. म्हणजे नवी मालिका, ती १९२५ पासूनची. पण खंड २ जुन्या मालिकेतही आहे आणि अर्जात मालिकेचा रकाना नाही. नुसता '२' लिहिला तर एकोणिसाव्या शतकातला खंड काढला जातो, पाने जुळत नाहीत आणि अर्ज परत येतो. 'नवी मालिका' खंडाच्या रकान्यात लिहावी की शीर्षकापुढे? कॅटलॉगमध्ये दोन्ही मालिकांची नोंद एकच असेल तर?

दुसरा त्रैमासिकांचा: 'वर्ष ४, अंक ३, शके १८४५'. इसवी सन काढायला शकात चैत्र ते डिसेंबर ७८ मिळवायचे, जानेवारी ते फाल्गुन ७९. म्हणजे पौष-माघातला अंक १९२४ चा ठरतो. महिना दिलेलाच नसेल तर '१९२३-२४' असे जोडवर्ष चालते का? की सालाचा रकाना चारच आकडे घेतो? तसे असेल तर शेरा कुठे लिहिता?

लेखाचे नाव, लेखक, पाने सगळे हाताशी आहे. आयएसएसएन (नियतकालिकाचा आंतरराष्ट्रीय क्रमांक) मात्र नाही. इतक्या जुन्या, बंद पडलेल्या नियतकालिकांना तो बहुधा नसतोच.