लग्नाला तयार आहोत, हे ओळखायचे कसे?

आकुर्डीकर:
माझे वय 29 आहे, पगार बरा आहे आणि वन-बीएचकेचा हप्ता दरमहा सुरळीत जातो. एवढे झाले की मुलगा लग्नाला तयार, असे घरच्यांचे मत. वधू-वर सूचक मंडळासाठी बायोडेटा लिहायला बसलो, तेव्हा शिक्षण, गोत्र, उंची, वार्षिक उत्पन्न हे रकाने दहा मिनिटांत भरले. 'अपेक्षा' हा रकाना मात्र तीन आठवडे कोराच आहे. तिथे 'अनुरूप' लिहून मोकळे व्हावे, की मी अजून तयारच नाही असे समजावे?

सदाफुली:
कायद्याच्या दृष्टीने तुम्ही 21 पूर्ण झालात त्याच दिवशी तयार झालात (मुलींना 18 पुरतात), आणि हप्त्याने खात्री पटते ती बँकेची. माझ्या लग्नाला सात वर्षे झाली. यांचा स्वभाव चांगला, नोकरी चांगली. पण पहिले वर्षभर पडद्यांच्या रंगापासून माझ्या माहेरी जाण्यापर्यंत प्रत्येक गोष्ट 'आईला विचारून सांगतो' इथे येऊन थांबत असे. तेव्हा घरच्यांना न पटणारा एखादा निर्णय तुम्ही त्यांच्यासमोर बसून, न भांडता, कधी सांगितला आहे का, ते आधी आठवून पाहा.

मुक्काम नागपूर:
जेफ्री आर्नेट या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने 2000 साली विशीतल्या तरुणांविषयी निबंध लिहिला, त्यातही हेच आहे: मोठे झाल्याची खूण म्हणून ही मुले लग्नापेक्षा स्वतःची जबाबदारी घेणे, स्वतःचे निर्णय स्वतः करणे आणि स्वतःच्या पायावर उभे राहणे यांना अधिक मानतात. ही कसोटी जशीच्या तशी उचलावी असे मला वाटत नाही, कारण आपल्याकडे एकट्याने निर्णय घेतला की तो उद्धटपणा ठरतो. म्हणूनच ताईंचे 'समोर बसून, न भांडता' हे शब्द मला मोलाचे वाटले.

चाफेकळी:
वर्षभरात माझे पाच वेळा कांदेपोहे झाले. 'स्वयंपाक येतो ना?' हे पाचही ठिकाणी मलाच विचारले गेले. तिसऱ्या वेळी मी मुलाला विचारले, की वरणाच्या डाळीला कुकरच्या किती शिट्ट्या लागतात. तो नुसता हसला आणि त्याच्या मावशींनी विषय बदलला. कोऱ्या रकान्याची मला धास्ती वाटत नाही, 'अनुरूप' लिहिणाऱ्यांची वाटते.

आकुर्डीकर:
न भिजवलेल्या डाळीला चार. सदाफुलीताई, तसा एकही निर्णय आठवला नाही. पत्रिका जुळवायची नाही, हे बाबांना रविवारी सांगणार आहे; रकान्याचे त्यानंतर पाहू.