नवीन मोटोरो रे काहीच खात नाहीये, सोबत ऑस्कर आहेत

डोंबिवलीकर_टँक
मंडळी मदत पाहिजे. गेल्या रविवारी मोटोरो (गोड्या पाण्यातला स्टिंगरे, चपट्या गोल अंगाचा मासा) आणलाय, लहानच आहे, अंगाची चकती बशीएवढी, पण आल्यापासून त्याने तोंडात काही घेतलेलं मी तरी पाहिलं नाही. टँक सहा बाय दोन, खाली बारीक वाळू, सोबत दोन ऑस्कर (मोठे खादाड मासे), थोडे सिल्व्हर डॉलर मासे आणि एक जुना मोठा सकर (तोंडाने चिकटून बसणारा मासा). पेलेट टाकून झाले, फ्रोझन ब्लडवर्म झाले, कोळंबी सोलून बारीक करून टाकली, पण खाली पोचायच्या आत ऑस्करच सगळं फस्त करतात आणि जे काही पोचतं त्याच्यावरून हा नुसता सरकत पुढे जातो. दिवसभर कोपऱ्यात वाळू अंगावर घेऊन बसलेला, डोळे तेवढे वर. दुकानवाला म्हणालेला काहीही खातो हो, टेन्शन नका घेऊ. आता फुल टेन्शन आहे. जिवंत गपी सोडून बघू का?

रे_वेडा
गपी राहू दे, आधी पाण्यातलं अमोनिया आणि नायट्राइट (माशांच्या घाणीतून होणारी विषं) चेक कर. दोन्ही शून्यच पाहिजेत, ०.२५ पीपीएम आलं तर "थोडंसंच आहे" असं रेच्या बाबतीत चालत नाही, पाणी बिघडलं की पहिलं खाणं बंद होतं. टेंपरेचर २६ ते २८. मग वरून नीट बघ, शेपटीच्या बुडाशी दोन्ही बाजूंना कंबरेची हाडं वर आलीत का (खरं तर कूर्चा असते ती, पण सगळे हाडंच म्हणतात), आणि चकतीच्या कडा वर वळायला लागल्यात का. कडा वळल्या असतील तर वेळ फार नाही. लहान रे उपाशी फार टिकत नाही, त्याला दिवसातून दोनदा तरी खाणं लागतं. गपी नको कारण दमलेला रे पळणाऱ्या माशामागे जात नाही, आणि दुकानातले फीडर (खाऊ म्हणून विकले जाणारे छोटे मासे) म्हणजे फुकटचा रोग घरात.

कोकणी_काका
गांडूळ दे बाबा, बाकी सगळं नंतर. पण गांडूळखताच्या बेडमधलं ते लाल बारीक नको, ते डिवचलं की पिवळं घाण वासाचं पाणी सोडतं आणि बरेच मासे थुंकून टाकतात. परसातलं, झाडाच्या मुळाशी ओल्या मातीत मिळतं ते गावठी घे, जिथे औषध मारलेलं नाही अशा जागेचं. रात्रभर ओल्या फडक्यात ठेव, पोटातली माती निघून जाईल, मग धुऊन चिरून टाक. चिरलं की वास पाण्यात पसरतो आणि तोच मुद्दा आहे, ह्याचे डोळे पाठीवर आणि तोंड पोटाखाली, समोर पडलेलं त्याला दिसतच नाही, वासावर शोधतो. म्हणून वरून टाकू नकोस, पीव्हीसी पाइपचा तुकडा वाळूला टेकेपर्यंत धर आणि त्यातून थेट त्याच्या नाकापुढे सोड. खायला लागला की कळतं, पुढची कड जराशी उचलतो, तुकड्यावर झाकणासारखा बसतो, कडा वाळूला घट्ट दाबतो आणि जागच्या जागी थरथरतो. तसा बसला तर हलवू नकोस, टॉर्चही मारू नकोस.

अ‍ॅक्वा_ताई
काका गांडूळ बरोबर, पण ऑस्कर असताना पाइपच्या तोंडाशीच येऊन उभे राहतील ते. मधे प्लास्टिकची जाळी लावून टँकचे दोन भाग कर, नाहीतर ऑस्करना आधी दुसऱ्या टोकाला पोटभर घाल, लाइट बंद कर आणि अंधार झाल्यावर रेला दे. आणि तो सकर आजच्या आज बाहेर काढ, प्लीज. रात्री रेच्या पाठीवर चिकटून अंगावरचा चिकटा खातात हे, पाठीवर गोल लालसर डाग दिसतात का बघ. हीटरला गार्ड नसेल तर तोही लाव, रे त्याच्यावर जाऊन बसतो आणि पोट भाजून घेतो. खात नाही म्हणून दुकानातलं कुठलंही औषध ओतायचं नाही, कॉपरवालं तर अजिबातच नाही. कोळंबी चालेल पण रोज तेवढंच नको, काही कोळंबी-माशांत थायमिनेज नावाचं एन्झाइम असतं, ते व्हिटॅमिन बी-१ खाऊन टाकतं. अजून एक, राग नको मानू, पण दोन फूट रुंदीत मोठा मोटोरो वळू शकत नाही, घरच्या टँकमध्येही चकती दीड फुटाची होते, शेपूट वेगळीच. आत्तापासून मोठ्या टँकचं बघ.

डोंबिवलीकर_टँक
नायट्राइट ०.५ निघालं. फिल्टर जुना आहे पण मधे पूर्ण धुतलेला, त्यातले चांगले बॅक्टेरिया गेले, त्यामुळे असेल. क्लोरीन काढलेल्या पाण्याने रोज एक तृतीयांश बदलतोय, सकर मित्राकडे गेला, जाळी लावली. काल रात्री पाइपमधून गांडूळ दिलं, हा त्याच्यावर येऊन बसला, थरथरला पण, आणि मग अर्धं बाहेर टाकलं. म्हणजे आवडलं नाही का?

कोकणी_काका
अरे तोंडात घेतलं ना, तेच हवं होतं. तुकडे मोठे झाले असतील, अर्ध्या इंचाहून लहान कर. उरलेलं सकाळपर्यंत ठेवू नकोस, नायट्राइट परत चढेल.

रे_वेडा
आणि उरलेलं काढताना हात घालू नको, लांब चिमटा किंवा सायफन वापर. शेपटीचा काटा विषारी आहे, लहान असला म्हणून काय झालं. लागलाच तर सोसेल इतक्या गरम पाण्यात हात बुडवून ठेव आणि तसाच डॉक्टरकडे जा. नायट्राइट शून्य आलं की इथे टाक, पेलेटवर कसा आणायचा ते मग बघू.