मदत हवी आहे: कानाचे दडे उशिरा सुटतात, मालदीवच्या डायव्हिंग बोटीसाठी कुठला मार्ग घेऊ?

नमस्कार. मी नागपूरची, वय 47. समृद्धीवरून गेलं तरी समुद्र इथून सातशे किलोमीटर. पण चार वर्षांपूर्वी तारकर्लीला पहिल्यांदा पाण्याखाली गेले आणि तेव्हापासून साऱ्या सुट्ट्या त्यासाठीच साठवते. ओपन वॉटर, अ‍ॅडव्हान्स्ड हे दोन्ही डायव्हिंग कोर्स झालेत. आतापर्यंत 26 डाइव्ह.

फेब्रुवारीत मैत्रिणीबरोबर मालदीवला लाइव्हअबोर्डवर जायचंय, म्हणजे आठवडाभर मुक्काम बोटीवरच. दोन मार्ग आहेत. एक मधल्या अ‍ॅटॉलचा, म्हणजे कंकणाकृती प्रवाळ बेटांचा: माले, वावू, अरी. दुसरा थेट दक्षिणेचा: हुवाधू, मग विषुववृत्त ओलांडून फुवामुला. तिथल्या टायगर शार्कसाठी मैत्रीण अडून बसली आहे. मन माझंही तिकडेच ओढतं.

अडचण डाव्या कानाची. गेल्या वर्षी सहा मीटरवर दडे बसले, सुटेनात. बाकीचे खाली पोचले होते, त्यांना थांबवायचा संकोच वाटला म्हणून जोर लावून तशीच उतरले. पुढे दोन आठवडे कान दुखत होता. धंतोलीतल्या डॉक्टरांनी आता पडदा बरा आहे, डाइव्ह करा, पण सावकाश उतरा असं सांगितलंय. इथल्या स्विमिंग टँकमध्ये तेवढी खोली नाही, त्यामुळे कान तपासून बघायचीही सोय नाही.

दक्षिणेला सावकाश उतरणं जमतं का? ज्यांनी केलंय त्यांनी कृपया सांगा.

प्रतिसाद

ताई, दोन्ही मार्ग केलेत म्हणून सांगतो, यंदा मधला घ्या.

दक्षिणेची खरी मजा कंडूंमध्ये, म्हणजे अ‍ॅटॉलच्या कडेतल्या खिंडींमध्ये. भरतीचं पाणी समुद्रातून आत घुसतं तेव्हा शार्क खिंडीच्या तोंडाशी प्रवाहाला तोंड करून थांबतात. तिथे पोचायला तरंगायच्या जॅकेटमधली हवा काढूनच उडी मारायची आणि सगळ्यांनी एकदम तळाकडे जायचं. तुम्ही सहा मीटरवर दोन मिनिटं थांबलात तर प्रवाह तुम्हाला खिंडीच्या आत घेऊन जातो आणि गट मागे राहतो. मग माणूस पुन्हा जोर लावतो. गेल्या वर्षी तुमचं तेच झालं.

कंडू मधल्या मार्गावरही आहेत, पण तिथली एखादी डाइव्ह सोडली तरी सहल वाया जात नाही. वावूत अलिमथाला रात्री नर्स शार्क अंगाला घासून जातात. दक्षिण अरीत व्हेल शार्क वर्षभर असतात, पुष्कळदा पृष्ठभागाजवळच.

कान पाण्यावरच मोकळा करायला सुरुवात करा, पाय खाली ठेवून उतरा, दुखायच्या आधीच पुन्हा मोकळा करा. सर्दीची गोळी घेऊन उतरू नका. तिचा असर पाण्याखाली संपला तर वर येताना हवा कानाच्या आत अडकते. परतीचं विमान शेवटच्या डाइव्हनंतर किमान 18 तासांनी ठेवा.

धागाकर्ती

मनापासून आभार. रात्री मैत्रिणीला वाचून दाखवते. एकच विचारते, पहिल्या दिवशीच्या चेक डाइव्हलाच, म्हणजे सरावाच्या डाइव्हलाच, कान अडला तर?

प्रतिसाद

तर गाइडला कानाची खूण करा, मीटरभर वर या, पुन्हा प्रयत्न करा. नाहीच सुटला तर धोनीवर, म्हणजे डाइव्हला नेणाऱ्या छोट्या बोटीवर, परत या. बोटीवर चढताच गाइडला हे सांगून ठेवा, म्हणजे संकोच वाटणार नाही.