बाहेरचा कम्युनिकेशन कन्सल्टंट घ्यावा का? मत द्यायचंय, लवकर सांगा

निळी_शाई:
नमस्कार मंडळी, जरा लांबलंय, सांभाळून घ्या. मी एका मध्यम आकाराच्या कंपनीत कम्युनिकेशन बघते. म्हणजे न्यूजलेटर, वेबसाइट, सोशल मीडिया, साहेबांची भाषणं आणि कधीमधी प्रेस नोट, हे सगळं मी आणि एक अर्धवेळ डिझायनर. आता कंपनी दोन युनिट बंद करून काम एका जागी आणणार आहे, काही लोकांच्या नोकऱ्या जाणार. अजून जाहीर नाहीये, त्यामुळे नाव-गाव विचारू नका प्लीज. डायरेक्टर म्हणतात बाहेरचा कन्सल्टंट घेऊ, तुझ्या एकटीच्याने निभणार नाही. फायनान्सवाले म्हणतात एक प्रेस नोट तर लिहायचीये, ती लिहिते की ही, कशाला खर्च. आणि दोघांनी मिळून मलाच विचारलंय तुझं मत दे म्हणून!
हो म्हटलं तर मला येत नाही असा अर्थ निघणार, नाही म्हटलं आणि पुढे गडबड झाली तर खापर माझ्यावर. एका एजन्सीचं प्रेझेंटेशन झालं, चकाचक होतं, पण ते लोक नेमकं काय करणार ते शेवटपर्यंत कळलं नाही, आणि शेवटच्या स्लाइडवर दुसऱ्याच कुठल्यातरी क्लायंटचा लोगो राहून गेलेला. कसं ठरवायचं असतं हे?

उगाचच_विचारतो:
आमच्याकडे घेतला होता. आम्हीच सांगितलेलं आम्हालाच रंगीत तक्ते काढून परत दिलं. वाचवा पैसे.

पडद्यामागचा:
उगाचच, तसे असतात, नाही म्हणत नाही, पण सगळे नसतात. मी बरीच वर्षं एजन्सीत होतो, आता सोडलंय, त्यामुळे कुणाची बाजू घ्यायचं कारण नाही.
निळीताई, आधी 'घ्यायचा का' हा प्रश्न बाजूला ठेवा. एक पान घ्या आणि तीन गोष्टी लिहा: नेमकं काय ठरलंय, ते कुणाकुणाला सांगायचंय, आणि शेवटचा शब्द कुणाचा. डायरेक्टरांना समोर बसवून हे पान भरता आलं तर बाहेरच्या माणसाचा उपयोग होईल. नाही आलं तर कुणीही आणा, तो महिनाभर मीटिंगा घेऊन हेच प्रश्न विचारणार आणि त्याचं बिल लावणार. माझ्या पाहण्यातली बहुतेक कामं इथेच फसली. लिहिणाऱ्यांची कमी नसते हो, किती लोक जाणार, कधी जाणार, त्यांना काय मिळणार हेच वरच्यांनी ठरवलेलं नसतं, आणि ते ठरेपर्यंत मसुदा सात जणांच्या हातून फिरून त्यात 'आम्ही आमच्या लोकांना मोलाचं मानतो' एवढंच वाक्य उरतं.
आणि हे प्रेस नोटचं काम नाहीच मुळी. पत्रकारांचा नंबर शेवटी. ज्यांची नोकरी जाणार त्यांना आधी, समोरासमोर, त्यांच्याच मॅनेजरकडून. मग उरलेल्या स्टाफला त्याच दिवशी, मग ग्राहक आणि सप्लायर, मग बाहेर. त्या मॅनेजरांना आदल्या दिवशी बसवून प्रश्नोत्तरांची सराव बैठक घ्यावी लागते, कारण समोरचा माणूस रडला किंवा चिडला की लिहून दिलेला कागद कामाला येत नाही. रिसेप्शनवर आणि गेटवर जो बसतो त्यालाही दोन ओळी हातात द्या, पहिला फोन त्यालाच येतो आणि त्याला बिचाऱ्याला कुणी काही सांगितलेलंच नसतं. शिवाय बातमी आधीच फुटली तर काय म्हणायचं ते छोटं निवेदन तयार हवं. आता सांगा, यातलं तुम्हाला एकटीला किती जमेल? सराव बैठका घेणं आणि त्या आठवड्यात फोन सांभाळणं, एवढ्यासाठी बाहेरून माणूस घेणं मला पटतं. लिहिणं तुमच्याकडेच ठेवा, तुमच्या लोकांशी कसं बोलतात ते त्याला कुठून माहीत असणार.

शेवंती_२:
+१. एक भर. आमच्या इथे मी हेच सगळं सांगत होते, कुणी ढुंकून बघितलं नाही, बाहेरच्या बाईंनी तेच सांगितल्यावर साहेबांनी वहीत लिहून घेतलं. पिकतं तिथे विकत नाही, दुसरं काय. राग आला पण काम झालं. तेव्हा बाहेरच्या माणसाचा हाही एक उपयोग धरा: साहेबांना तोंडावर 'हे असं बोलू नका' म्हणायला त्याला नोकरीची भीती नसते.

उगाचच_विचारतो:
म्हणजे साहेबांनी ऐकावं म्हणून पैसे मोजायचे. भारी आहे.

शेवंती_२:
हो, तसंच आहे ते :)

जमाखर्च:
मी फायनान्सवालाच, शिव्या द्या. पण आमचा मुद्दा 'खर्च नको' असा नसतो, खर्च कधी संपणार ते कळत नाही हा असतो. दरमहा रिटेनर, म्हणजे काम असो-नसो ठरावीक फी, लावू नका, ठरलेलं काम, ठरलेले आठवडे आणि संपलं. करारात कोण माणूस प्रत्यक्ष काम करणार त्याचं नाव लिहून घ्या, कारण प्रेझेंटेशनला पांढऱ्या केसांचे येतात आणि सोमवारपासून कालच लागलेलं पोर येतं. गोपनीयतेचा करार पहिल्या मीटिंगच्या आधी, नंतर नाही. तुमच्या स्पर्धकाचं काम करतात का ते लेखी विचारा. तयार केलेला सगळा मजकूर आणि अकाउंटचे पासवर्ड तुमच्याकडेच राहतील हेही.
आणि रिपोर्टमध्ये 'एवढ्या जागेची जाहिरात घेतली असती तर इतके लाख लागले असते, म्हणजे तितक्या लाखांचा फायदा' असं कुणी दाखवलं तर सरळ उठून या. या मोजमापाला खुद्द त्यांच्याच धंद्यातल्या लोकांनी २०१० च्या बार्सिलोना तत्त्वांमध्ये नाकारलंय, तरी अजून चालू आहे. तुमच्या केसमध्ये तर कमी छापून आलं तर बरं, मग कात्रणं मोजून काय करणार?

पडद्यामागचा:
जमाखर्च, कात्रणांचं शंभर टक्के. आणि निळीताई, त्यांनी आधी कुणाची कामं केली तेही बघा. ब्रिटनची बेल पॉटिंजर केवढी मोठी पीआर (जनसंपर्क) फर्म होती, दक्षिण आफ्रिकेत गुप्ता या उद्योगपती कुटुंबाच्या कंपनीसाठी वांशिक तेढ वाढवणारी मोहीम चालवली म्हणून २०१७ च्या सप्टेंबरमध्ये ब्रिटनमधल्या पीआरवाल्यांच्या व्यावसायिक संघटनेनं बाहेर काढलं आणि काही दिवसांत दुकान बंद. क्लायंट एकेक करून आधीच पळायला लागले होते. अशांच्या यादीत आपलं नाव सापडणं परवडत नाही.
उलटं उदाहरण सगळे देतात ते १९८२ चं, टायलेनॉल या वेदनाशामक औषधाचं. शिकागो भागात कुणीतरी कॅप्सूलमध्ये सायनाइड घातलं, सात जण गेले, ते विकणाऱ्या जॉन्सन अँड जॉन्सननं सुमारे ३ कोटी १० लाख बाटल्या परत मागवल्या. पीआरच्या कोर्सला हे शिकवतात आणि त्यांच्यासोबत बाहेरची एजन्सी होतीही, पण बाटल्या मागे घ्यायचा निर्णय कंपनीच्या वरच्या लोकांनी घेतला होता, एजन्सीला सांगण्यासारखं काहीतरी हातात होतं. ते नसतं तर काय सांगणार होती?

निळी_शाई:
सगळ्यांचे खूप आभार, विशेषतः जमाखर्च यांचे, आमच्या फायनान्सवाल्यांना तुमचं पोस्ट जसंच्या तसं वाचून दाखवावंसं वाटतंय.
ते एक पान आज दुपारी भरायला घेतलं. 'काय ठरलंय' यात दुसऱ्या ओळीवरच अडकलं, जाणाऱ्यांना काय मिळणार हे एचआरला पण माहीत नाहीये. शेवटचा शब्द कुणाचा यावर तर डायरेक्टर आणि सीईओ दोघांनी स्वतःचं नाव सांगितलं 😐 तर मत असं देतेय की आधी हे दोन मुद्दे मिटवा, मग मॅनेजरांच्या सराव बैठका आणि जाहीर करायचा आठवडा एवढ्यापुरता माणूस घ्या, लिखाण मी करते. लोगोवाल्या एजन्सीला नकार कळवणारे, आमच्या स्लाइड पण अशाच कुणाला दिसतील उद्या.
एकच विचारते, एकट्यानं काम करणारा फ्रीलान्सर चालेल का यासाठी, की एजन्सीच बरी?

पडद्यामागचा:
चालेल, उलट बरा, ज्याच्याशी बोलाल तोच येईल. फक्त तो ऐन त्या आठवड्यात आजारी पडला तर कोण, हे आधी विचारून ठेवा. आणि सीईओ-डायरेक्टरांचं काय ते ईमेलवर घ्या हं, तोंडी नको.