सूचिछिद्र कॅमेरा: प्रतिमा उलटी का पडते, हे मुलांना कसे उमगावे?

विज्ञानछंद (प्रश्न)

अकरा-बारा वर्षांच्या मुलांकडून पुठ्ठ्याच्या खोक्याचे सूचिछिद्र कॅमेरे (एका बाजूला बारीक भोक, समोर ट्रेसिंग पेपरचा पडदा) करवून घेऊन प्रकाश हा विषय शिकवत आहे. ‘प्रकाशाचे संक्रमण रेषीय असते’ हे वाक्य सर्वांना तोंडपाठ आहे. परंतु ट्रेसिंग पेपरवरची प्रतिमा उलटी का, असे विचारले की बहुतेक जण ‘भोक तिला उलटी करते’ असे सांगून मोकळे होतात, जणू त्या भोकात काही यंत्रणाच बसवलेली आहे. फळ्यावर एकमेकांना छेदणारे दोन किरण काढले तर आकृती वहीत नेटकेपणाने उतरते, समजूत मात्र जागची हलत नाही. शिवाय निम्म्या खोक्यांत प्रतिमा इतकी अंधुक दिसते की ती नक्की दिसली की दिसल्यासारखी वाटली, हे मुलांनाच सांगता येत नाही. जाणकारांनी दोन्ही बाबींवर मार्गदर्शन करावे.

पुठ्ठाकात्री

आधी अंधुकपणाचे पाहू, कारण प्रतिमा दिसत नसेल तर पुढची चर्चा व्यर्थ आहे. दोष बहुधा भोकाचा नसून पडद्यावर बाहेरून पडणाऱ्या उजेडाचा असतो. ट्रेसिंग पेपर खोक्याच्या टोकाला न लावता आत सरकणाऱ्या दुसऱ्या नळीच्या तोंडावर लावावा, खोके आतून काळ्या कागदाने मढवावे आणि पाहणाऱ्याचे डोके व खोक्याचे मागचे तोंड एकाच जाड काळ्या कापडाखाली घ्यावे. पुठ्ठ्यालाच टाचणीने भोक पाडू नये. पुठ्ठा जाड असल्याने त्या भोकाचा बोगदा होतो आणि आत तंतू लोंबत राहतात. पुठ्ठ्यात मोठी खिडकी कापून तिच्यावर अॅल्युमिनियमचा पातळ पत्रा किंवा फॉइल चिकटवावे आणि ते कठीण पाटीवर ठेवून सुईच्या केवळ टोकाने टोचावे. भोकापासून पडदा 15 सेंमी असेल तर सुमारे अर्ध्या मिलिमीटरचे भोक सर्वांत रेखीव प्रतिमा देते. त्याहून बरेच बारीक केले तर विवर्तनामुळे, म्हणजे अगदी बारीक भोकातून जाताना प्रकाश बाजूंना पसरतो त्यामुळे, प्रतिमा उलट पसरट होते, आणि मोठे केले तर उजळ पण पुसट. तरीही सुरुवातीला मी एक मिलिमीटरचे भोक घेईन, कारण मुलांना प्रथम प्रतिमा सापडणे महत्त्वाचे आहे. रेखीवपणा नंतर पाहता येईल.

तिरपा किरण

दोन किरणांची आकृती अपुरी पडते, याचे कारण ती उत्तरापासून सुरू होते. मुळात मुलांना हे माहीत नसते की उजेडातल्या वस्तूच्या प्रत्येक बिंदूपासून प्रकाश सर्व दिशांना निघतो आणि म्हणून समोर धरलेल्या कोऱ्या कागदाच्या प्रत्येक ठिकाणी त्या वस्तूच्या प्रत्येक बिंदूचा प्रकाश पोहोचलेला असतो. कागद कोरा दिसतो तो त्यावर काही पडत नाही म्हणून नव्हे, तर सगळेच सगळीकडे पडते म्हणून. भोक काहीही निर्माण करत नाही. ते बहुतेक प्रकाश अडवते आणि पडद्यावरच्या एका जागी वस्तूच्या एकाच लहानशा भागाचा प्रकाश येऊ देते.

हे डोळ्यांनी दाखवता येते. अंधाऱ्या खोलीत कॅमेऱ्यासमोर मेणबत्ती ठेवावी आणि फॉइलला एकच भोक असताना पडद्यावरची उलटी ज्योत पाहू द्यावी. आता थोड्या अंतरावर दुसरे भोक पाडल्यास काय दिसेल, हे मुलांनी टोचण्यापूर्वीच वहीत लिहावे. एक मोठी ज्योत, एक सुलटी ज्योत, दुप्पट उजेड अशी नाना उत्तरे येतील. प्रत्यक्षात दोन उलट्या ज्योती दिसतात. मग तिसरे, चौथे असे करत भोके वाढवत न्यावीत. ज्योती एकमेकींवर चढू लागतात आणि शेवटी फॉइल काढून टाकले की सरसकट उजेड उरतो. त्या उजेडात सगळ्या ज्योती अजूनही आहेत, हे मुलांच्या तोंडून यायला हवे. आपण घाई करून सांगू नये. एवढे झाल्यावर उलटेपणाला वेगळे स्पष्टीकरण लागत नाही: ज्योतीच्या टोकाकडून येणारा प्रकाश खालच्या दिशेने भोकात शिरला, तो पुढेही खालीच जाणार.

विज्ञानछंद

मनःपूर्वक आभार. टोचण्यापूर्वी लिहून घेण्याची सूचना विशेष पटली. एक शंका राहते: डावे-उजवे बदलते की नाही, यावर मुलांत एकमत होत नाही. तसेच फोटोग्राफीचा कागद वापरून खरे छायाचित्र घ्यावे का?

पुठ्ठाकात्री

दोन्ही बाजूंचे म्हणणे बरोबर असू शकते, कारण पडदा कोणत्या बाजूने पाहिला यावर ते अवलंबून आहे. काळ्या कार्डात ‘क’ अक्षर कापून मागून दिवा लावावा. ट्रेसिंग पेपरच्या मागून दिसणारे अक्षर पेन्सिलने गिरवले आणि कागद अर्धा फेरा फिरवला, तर ते सरळ वाचता येते. मात्र अंधाऱ्या खोलीत भिंतीवर पडलेले अक्षर भोकाच्याच बाजूने पाहून गिरवले व तसेच फिरवले, तर ते आरशातल्यासारखे निघते. छायाचित्राचे म्हणाल तर या वयात मी ते टाळेन. कागद धुण्याची रसायने आणि तांबडा दिवा यांतच सारे लक्ष जाते. प्रकाश बाजूला राहतो.

कवडसा

तिरपा किरण यांच्या मताशी सहमत आहे, मात्र मी खोक्याऐवजी झाडाखालून सुरुवात करेन. पानांमधल्या फटी वेड्यावाकड्या असतात, तरी लहान फटींतून जमिनीवर पडणारे कवडसे गोल असतात, कारण त्या सूर्याच्या प्रतिमा आहेत. खंडग्रास ग्रहणात तेच कवडसे कोरीसारखे होतात. ग्रहणकाळच्या अशा प्रतिमांचा बारकाईने अभ्यास इब्न अल-हैथम या अरब शास्त्रज्ञाने सुमारे 1000 वर्षांपूर्वी केला होता.

मोठ्या मुलांना यातूनच सूर्याचा व्यास काढता येतो. सूर्याकडे पाठ करून, भोकातून सूर्याकडे कदापि न पाहता, 1 मीटर दूरच्या कागदावर पडलेली प्रतिमा मोजावी. ती सुमारे 9 मिमी भरते. सूर्य सुमारे 15 कोटी किलोमीटर दूर आहे, म्हणजे सरळ प्रमाणाने व्यास साधारण 14 लाख किलोमीटर येतो. मुलांचे माप हमखास थोडे जास्त निघते, कारण भोकाची रुंदी प्रतिमेत मिळवली जाते. 2 मिमीचे भोक असेल तर 11 मिमीच्या आसपास मोजले जाईल. तेवढी वजाबाकी करायला सांगावी, किंवा कागद 3 मीटरवर न्यावा, म्हणजे तोच फरक तुलनेने किरकोळ ठरतो.